थोरलीने ऑर्डर परत पाठवली

प्रिय गड्या,

फार दिवसांनी लिहितोय. शिव्या मनातल्या मनात घाल. साखर आटोक्यात, गुडघे आहेत तसेच.

मुद्द्याचं सांगतो. थोरलीने ऑर्डर परत पाठवली. आजवरची सगळ्यात मोठी, मला न विचारता! का, तर ‘बाबा, हे लोक पैसे महिनोन् महिने अडकवतात. आपलं खेळतं भांडवल तेवढं नाही.’ वाटलं, तूच बोलतोयस. तोच सूर, पुढ्यात तशीच वही.

धंदा तिच्या हाती दिलाय, म्हणून गप्प बसलो. पण झोप उडाली. मोठ्या कंपनीत साहेब उतावळा असला तरी त्याला आवरायला चार माणसं असतात. आपल्याकडे मी दुपारी ‘हो’ म्हणालो की संध्याकाळी काम सुरू! मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक जमलं आणि म्हणूनच उधारी थकली. ती वसुली चोख करेल, पण नवं गिऱ्हाईक कोण आणणार?

तिने मला अमेरिकेतला १९८८चा एक अभ्यास वाचायला दिला, टोमणा म्हणूनच. धंदा नव्याने सुरू केलेल्या सुमारे तीन हजार जणांना विचारलं होतं, यशाची शक्यता किती? एक तृतीयांश लोकांनी स्वतःला दहापैकी दहा दिले! तशाच दुसऱ्या धंद्यांना मात्र कमी. तू चार म्हणाला असतास, मी अकरा. ते दुसरं मशीन घ्यायलाच हवं होतं, हे माझं मत अजून तेच आहे. तू भागीदारी सोडलीस ती मशीनपायी नव्हे, माझ्या तोंडापायी, असं वहिनी म्हणतात. म्हणू देत.

मीही उत्तर शोधलं. आफ्रिकेतल्या टोगो देशात पंधराशे छोट्या व्यावसायिकांवर प्रयोग झाला, निष्कर्ष २०१७ साली छापून आले. काहींना नेहमीचं धंद्याचं शिक्षण दिलं, काहींना आपणहून पाऊल उचलायची, पुढचं हेरायची सवय लावली. या दुसऱ्यांचा नफा तीस टक्क्यांनी वाढला. पहिल्यांचा ठामपणे सांगावा इतका नाही. म्हणजे पुढाकार शिकवता येतो! तिने वाचलं आणि विचारलं, ‘यात उधारीवर माल द्या असं कुठे लिहिलंय?’ लेक माझी, वकिली तुझी.

आता तिला शिकवायचं तरी काय? माझ्याकडून धाडस घेईल तर घाईही घेईल. त्यात ती नाही म्हणाली की कारागीर अजून माझ्या तोंडाकडे बघतात. मी रोज जात राहिलो तर ती मालक व्हायची नाही. नाही गेलो तर घरात बसून करू काय? तुझी वहिनी आत्ताच वैतागलीय.

धाकट्याचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. घराचं काम संपलं का? कळव.

आणि दोन दिवस येऊन जा. ऑर्डरवाल्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे, त्याआधी. माझी बाजू घेऊ नकोस, तिला लगेच संशय येईल.

तुझाच