ये तर खरं, खिशाचं बघू

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज मिळाला. ‘पाच माणसं, पाच दिवस, गाडीभाडं सोडून आठ हजार. जमत असेल तर सांग, नाहीतर वेरूळ बघून परत फिरतो.’ फोनवर समजावायला गेलो तर तू दोन वाक्यांत ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवतो. वहिनींना वाचायला दे. हिशेबाची वही कुणाकडे असते ते मला माहीत आहे.

जमतंय रे. उलट परत जाताना काहीतरी उरेल.

परभणी सोडून इथं आल्यावर मला पहिली दोन वर्षं वाटायचं, की हे शहर बघणं म्हणजे पैसेवाल्यांचं काम. मग हळूहळू ध्यानात आलं, की इथं बघायला पैसे लागत नाहीत, टेकायला लागतात. आणि घाई करायला. तलाव फुकट, खाडी फुकट, समुद्र तर फुकटच. पण पाय दुखायला लागले, पोरं किरकिरली, की माणूस दिसेल त्या एसी हॉटेलात शिरतो आणि पंख्याखाली बसण्याचे पैसे सँडविचच्या नावाखाली देऊन येतो. उशीर झाला की टॅक्सी. नव्या पाहुण्याचा खिसा रिकामा होतो तो या दोन ठिकाणी. म्हणून मी तुमच्यासाठी आधी एवढंच ठरवलंय, की दुपारी बारा ते चार कुठं बसायचं आणि कुठल्या वेळेला लोकलच्या वाटेला जायचं नाही. बाकीचं आपोआप जुळतं.

एप्रिलअखेर येताय म्हणजे उन्हाळा आहेच. तुमच्याकडचं ऊन भाजतं, इथलं उकडतं. आकडा कमी दिसतो, पण सकाळी दहालाच शर्ट अंगाला चिकटतो. काकूंना सुती साड्याच आणायला सांग.

गुरुवारी सकाळी देवगिरी एक्स्प्रेसने ठाण्यात उतरा, मी फलाटावर असेन. लॉजचं नाव काढू नकोस, आमच्या दोन खोल्यांत सगळे मावतात. काकू आणि वहिनी आत, आपण पोरांना घेऊन बाहेरच्या खोलीत, खाली गाद्या टाकून. स्टेशन घरापासून चालत आहे, तेव्हा रिक्षाचा पहिला खर्च तिथेच वाचला.

पहिला दिवस ठाण्यातच काढू. संध्याकाळी तलावपाळीवर. मासुंदा तलाव म्हणजे ठाणेकरांचं अंगण आहे. एका अंगाला कोपिनेश्वराचं देऊळ, दुसरीकडे गडकरी रंगायतन, आणि मध्ये सगळं गाव कट्ट्यावर बसलेलं. काकूंना कोपिनेश्वराचं दर्शन होईल; पिंड एवढी मोठी आहे, की त्या परभणीत गेल्यावर आठवडाभर सांगत बसतील. पोरांना तलावात बोटीत बसायचंच असेल, तर तेवढे पैसे खुशाल खर्च कर. भेळ एकात दोघं. बसायला काही पडत नाही, रात्री दहापर्यंत बसा.

आता खाण्याचं. यावर मला दोन पानं लिहिता येतील, पण आवरतो.

मामलेदारची मिसळ तुला खायचीच आहे, कॉलेजात असल्यापासून ऐकतोयस. १९४६ पासूनचं ठिकाण, मामलेदार कचेरीजवळ म्हणून ते नाव. तिथं तिखट, मध्यम आणि कमी तिखट असं विचारतात. आपण मराठवाड्याचे, आपल्याला काय तिखट लागणार, असं म्हणत छाती काढून ‘तिखट’ सांगू नकोस. आपल्या भाजीतला तिखटपणा जिभेवर बसतो, हा कानातून निघतो. वर तर्रीचा लाल तवंग असतो, तो चमच्याने बाजूला करायला गेलास तर खालून पुन्हा वर येतो. पोरांना कमी तिखट, तेही दोघांत एक, आणि सोबत ताक. सकाळी लवकर गेलं तर रांग लहान असते.

वडापावसाठी ठाणेकरांत दोन पक्ष आहेत. एक स्टेशनजवळच्या कुंजविहारचा, तिथला वडा पावाच्या बाहेर डोकावतो, एकात एका माणसाचं पोट भरतं. दुसरा नौपाड्यात विष्णुनगरातल्या गजाननचा. मी दुसऱ्या पक्षाचा. कारण वडा नव्हे, चटणी. बेसनाची, पिवळी, पातळसर पिठल्याच्या जवळपास जाणारी, आणि ती वड्याबरोबर हवी तेवढी ओतून घ्यायची. उभ्यानेच खायचं. पाव मऊ, वडा हातात धरवत नाही इतका गरम, आणि मिठात घोळवलेली तळलेली मिरची. वहिनी ती चटणी घरी करून बघणार, हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

पण खरी बचत याही पेक्षा साध्या ठिकाणी आहे. नौपाड्यात, आमच्या कोपरीत, जिथं तिथं पोळीभाजी केंद्रं आहेत. नोकरी करणाऱ्या बायकांमुळे ती चालतात आणि त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांची घरं. मोजून पोळ्या, एक सुकी भाजी, हवी तर आमटी. सकाळी निघताना डबा भरून घ्यायचा. दुपारचं जेवण असं घरच्या चवीचं बाहेर खाल्लं, की संध्याकाळी चटकमटक खायला हात मोकळा राहतो. माझी तर सूचना आहे, की तिन्ही वेळा बाहेरचं खायचंच नाही. एकच वेळ खायचं, पण नावाजलेलं खायचं.

शुक्रवारी मुंबई. अकराच्या आधी निघायचं नाही आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ परत यायचं नाही, ही माझी अट. ठाण्यातूनच सुटणारी स्लो लोकल घेऊ, म्हणजे काकूंना बसायला मिळेल. पोरांना गाडीत सांगायला एक गोष्ट: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून जी देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली, ती ठाण्यापर्यंतच आली होती. चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी. तोच ३४ किलोमीटरचा रस्ता आता सेकंड क्लासने १५ रुपयांत होतो, आणि सलामीच्या जागी कुणाचा तरी कोपर मिळतो. पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं तिकीट. एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीटही मिळतं, त्यावर कुठल्याही लाइनला कितीही फिरा, पण आपल्या एवढ्याशा फिरण्याला सुटं तिकीटच परवडतं. आणि डबा बघून चढायचं. फर्स्ट क्लासच्या डब्यावर तिरके पट्टे असतात. गर्दी कमी दिसली म्हणून तिथं शिरलात, तर दंडात आपला वडापावचा सगळा बेत जाईल.

थेट टोकाला जायचं नाही, आधी भायखळ्याला उतरू. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय एकाच आवारात आहेत. दोन्ही बुधवारी बंद असतात, म्हणून मी शुक्रवार धरला. संग्रहालय १८७२ पासून या इमारतीत आहे, आणि तिकीट इतकं किरकोळ आहे, की मॉलच्या पार्किंगलाही त्याहून जास्त मोजावे लागतात. आत मुंबईची मातीची छोटी छोटी माणसं आहेत, निरनिराळ्या जातीधंद्यांची, आपापल्या पागोट्यांत. तुझ्या थोरलीला चित्रं काढायचा नाद आहे ना, तिला तिथून ओढून काढावं लागेल. बाहेर बागेत एक दगडी हत्ती आहे. तो घारापुरीचा. त्याच्याच पायी पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलेफंटा म्हटलं. आपण बोटीचं भाडं भरून बेटावर जात नाही आहोत, निदान हत्ती तरी बघून घेऊ.

दुपारची जागा म्हणजे राणीची बाग. आई-वडील आणि दोन पोरं असं कुटुंबाचं तिकीट तिथं मिळतं, सुटं काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. लोक तिथं पेंग्विन बघायला जातात. मी झाडांसाठी जातो. गोरखचिंचेचं खोड बघ, चार माणसांच्या कवेत येत नाही. एवढी दाट सावली अख्ख्या दक्षिण मुंबईत दुसरीकडे मिळायची नाही, डबा तिथंच खाऊ. आणि अगदीच उकडलं तर पेंग्विन आहेतच. त्यांच्यासाठी गार ठेवलेल्या जागेत काचेपुढं पोरं ढकलून आपणही जरा उभं राहायचं.

चारनंतर सीएसएमटी. स्टेशन बाहेरून निवांत बघ, घाईने नको. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभं राहिलं तरच ते दिसतं. २००४ पासून ते जागतिक वारशात आहे आणि रोज लाखो माणसं त्याच्याकडं पाठ करून पळत असतात, मीही त्यातलाच. तिथून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ नंबरची दुमजली एसी बस पकडायची. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. मुंबईदर्शनाच्या गाड्या माणशी जेवढे घेतात, त्यातल्या किरकोळीत पोरांना फोर्ट वरून दिसतो. उतरलं की समोर मरीन ड्राइव्हचं टोक. कठड्यावर बसून सूर्य बुडू दे, नऊ वाजू दे. परतताना सीएसएमटीसमोर कॅननची पावभाजी, दोन प्लेट पाच जणांत, पाव जास्तीचे.

शनिवारी नवी मुंबई. यासाठी मी थोडा अभ्यास केलाय. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीहून बोटीने जवळ नेऊन दाखवतात, पण पाच माणसांचं बोटीचं तिकीट आपल्या हिशेबात बसत नाही. त्याची गरजही नाही. हे पक्षी ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, मग त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं, आणि ते नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर येतात. म्हणजे भरतीची वेळ बघून टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या शिक्षणाच्या संस्थेच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहिलं, तर तेच पक्षी फुकटात, रस्त्यावरून. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स हार्बरची गाडी, पुढं थोडी रिक्षा. त्या दिवसाची भरती किती वाजता आहे ते मी आदल्या रात्री बघून ठेवीन, त्यावर आपली निघायची वेळ. तुझी दुर्बीण आण, ती कपाटात पडून असते. आधी लांबवर पाण्यात नुसता फिकट गुलाबी पट्टा दिसतो. मग एखादा उडतो आणि पंखाखालचा लालभडक रंग उघडतो. धाकटा तिथं पहिल्यांदा गप्प बसेल.

बाकी नवी मुंबईत मला फार काही दाखवायचं नाही. रस्ते रुंद आहेत, स्टेशनं आपल्या बसस्टँडच्या दसपट आहेत, एवढं खिडकीतून दिसतंच. मॉलमध्ये जायचा आग्रह पोरं करतील, तेव्हा तू बाप हो.

रविवारी कुठंच जायचं नाही. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, आणि त्या गर्दीत काकूंना न्यायची माझी छाती नाही. दुपारी गडकरीला नाहीतर काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात नाटक बघू. बाल्कनीचं तिकीट सगळ्यात स्वस्त, आवाज तिथंही चांगला येतो. अडीच-तीन तासांचं एसी त्याच पैशात, शिवाय मध्यंतरातला बटाटेवडा. सध्या काय लागलंय ते मी बघून कळवतो. काकूंना विनोदी आवडतं ना?

सोमवारी पहाटे तू आणि मी दोघंच वाशीच्या फळबाजारात. आंबा. तुमचा केसर मी काही हलका म्हणत नाही, पण वहिनींच्या माहेरी हापूसची पेटी गेली तर तुझा भाव वाढेल. शंभर पावलांवरून वास येतो, पायाखाली पेंढा, डोक्यावर पेट्या घेऊन पळणारे माथाडी, ‘बाजू, बाजू’ची आरोळी. तिथं एक सांभाळायचं. कर्नाटकचा आंबाही हापूस म्हणून समोर येतो, दिसायला सारखाच. पेटी उघडून खालचा थर बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. आणि पूर्ण पिकलेला घ्यायचा नाही. देठाजवळ जरा कडक, हिरवट-पिवळा घ्यायचा. रात्रीच्या गाडीच्या उकाड्यात तो पिकत जातो. परभणीला उतरल्यावर पेंढ्यात दोन दिवस अढी घाला, मग कापा. एप्रिलअखेर भाव अजून चढाच असतो, म्हणून आपण एका पेटीत दोघं वाटून घेऊ. आठ हजारातले जे उरतील म्हणालो ते इथं जातील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तिकिटं आजच काढ, सुट्टीत देवगिरी भराभर भरते. काकूंचं वय नीट टाक, म्हणजे खालचा बर्थ मिळायची शक्यता जास्त. आणि येताना गाडीसाठी दशम्या आणि शेंगाचटणी करणारच असाल, तर थोडी जास्त करा. आमच्याकडं सीमा सगळं छान करते, पण आपली मुरमुऱ्यांची सुशीला तिला अजून जमत नाही. वहिनींनी एकदा शेजारी उभं राहून शिकवावी, अशी तिचीच विनंती आहे.

काकूंना नमस्कार, पोरांना पापा.

तुझाच,
रव्या

ता. क. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी आण, मोठी. विकतचं पाणी हा या गावातला सगळ्यात फालतू खर्च आहे, आणि पाच माणसांचा रोजचा हिशेब केलास तर एक पावभाजी निघते.