तेल तोडू नका, निवडून खा

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईच्या हाडांच्या घनतेचा रिपोर्ट नीट वाचला. खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.१ आलाय. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. आई, तू अजून त्याच्या अलीकडे आहेस, त्यामुळे सावरायला वाव आहे. मला खरी काळजी वाटते ती तुम्ही दोघांनी तेल जवळजवळ बंद केलंय त्याची.

बाबा, कोलेस्टेरॉल वाढल्यावर तुम्ही पथ्य पाळायला लागलात ते योग्यच केलंत. पण मेद सरसकट तोडणं आईच्या हाडांना परवडणार नाही. ड आणि के ही जीवनसत्त्वं मेदात विरघळणारी आहेत. जेवणात मेद असला की ती चांगली शोषली जातात. आई, तू ड जीवनसत्त्वाची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतेस ना? ती यापुढे पोटभर जेवणासोबत घेत जा.

आता कोणता मेद, ते सांगते. हाड वरून दगडासारखं दिसतं, पण आत आयुष्यभर पाडापाडी आणि बांधकाम चालू असतं. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं भरणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पोखरणाऱ्यांचं पारडं जड होतं. या झटापटीत खाल्लेल्या मेदाचाही हात असतो, कारण त्यातली मेदाम्लं पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. ओमेगा-६ हा बऱ्याच वनस्पती तेलांत सापडणारा मेदाम्लांचा गट. या गटातल्या ॲराकिडॉनिक ॲसिडपासून शरीर प्रोस्टाग्लँडिन ई२ हा संप्रेरकासारखा पदार्थ बनवतं. ते बेताचं असलं तर हाड भरायला मदतच होते. अंगात दाह रेंगाळला आणि ते वाढत गेलं, की पोखरणाऱ्या पेशी जोमाने तयार होतात. माशांतली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या त्याच एन्झाइमवर हक्क सांगतात, त्यामुळे दाह मवाळ होतो.

म्हणून ओमेगा-६ वाईट, असं मात्र धरून बसू नका. अमेरिकेतल्या ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये पाळी गेलेल्या लाखाहून जास्त बायकांचा आहार आणि त्यांची मोडलेली हाडं यांची नोंद ठेवली होती. २०१० साली त्यावरचा अभ्यास आला. संतृप्त मेद (तूप-लोण्यात जास्त असणारा) सर्वांत जास्त खाणाऱ्यांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचा धोका जास्त दिसला. ओमेगा-६ जास्त खाणाऱ्यांमध्ये एकूण फ्रॅक्चर उलट किंचित कमी होती. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण बाबांच्या हृदयासाठी डॉक्टर संतृप्त मेद कमी करायला सांगतात, तेच इथेही लागू पडतंय, याचं मला फार बरं वाटलं. दोघांसाठी वेगळा स्वयंपाक करायला नको.

अस्थिमज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून हाड भरणारी पेशीही होते आणि चरबीची पेशीही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वयाबरोबर कल चरबीकडे झुकतो. तो परतवायला चालणं, वजन पेलणारा व्यायाम लागतोच. नुसत्या तेलाने ते होणार नाही.

तर संतृप्त मेद कमी करा, ट्रान्स फॅट (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारा मेद) पूर्ण टाळा आणि रोजच्या जेवणात वनस्पती तेल बेताने परत आणा. मासे चालत असतील तर आठवड्यातून दोनदा खा. नसतील तर जवस आणि अक्रोड खा, पण त्यांतल्या ओमेगा-३ पैकी फार थोड्या भागाचंच शरीर ईपीए-डीएचए करू शकतं, हे ध्यानात असू द्या.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र परस्पर आणू नका. त्यांनी हाड मोडायचं टळतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. शिवाय बाबा, तुमची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. आणि आई, तुला हाडांसाठी वेगळं औषध लागेल का, हेही त्याच भेटीत विचारून घे. त्यांनी काय सांगितलं ते मला लगेच कळवा.

तुमची लेक