‘बुटका’ हा शब्द मागे घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात क्रीडा पानावर कॅनडाचा आइस हॉकीपटू मार्टिन सें लुई याच्यावर आलेला लेख सकाळी चहाबरोबर वाचला. दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज जेवणं उरकून लिहायला बसले. लेखकाने मेहनत घेतली आहे. २००४ चा स्टॅनले चषक म्हणजे लीगचं विजेतेपद, सर्वाधिक गुणांसाठी दोन वेळा मिळालेला आर्ट रॉस करंडक, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम, सगळं आलं आहे. मराठी वर्तमानपत्रात आइस हॉकीवर अर्धं पान आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण मथळ्यात त्याला ‘बुटका’ म्हटलंय आणि शेवटी असं सुचवलंय, की मुलांचे संघ सांभाळण्यापलीकडे अनुभव नसताना निव्वळ नावावर माँट्रियलच्या संघाचं प्रशिक्षकपद त्याच्या पदरात पडलं. दोन्ही मला फार लागलं.

त्याची उंची पाच फूट आठ इंच. माझ्या माहेरी, सांगलीत, एवढ्या उंचीच्या मुलाला कोणी बुटका म्हणणार नाही. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, सहा फुटांच्या वरचे गडी अंगावर येतात, तिथे तो लहान दिसतो हे खरं. पण या शब्दाने त्या माणसाचं काय केलं, हे लेखात एका ओळीत उरकलंय. माँट्रियलजवळच्या लावालचा हा मुलगा व्हर्माँट विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला आणि तरी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. मग एनएचएलमधल्या कॅलगरी संघाने दोन हंगामांत मिळून ६९ सामने खेळवलं आणि २००० मध्ये सोडून दिलं. त्याच उन्हाळ्यात कोलंबस आणि मिनेसोटा हे दोन नवे संघ खेळाडू गोळा करत होते. त्यांनाही तो नको होता. मग टँपाने घेतला. चार वर्षांनी सात सामन्यांच्या अंतिम फेरीत समोर कॅलगरीच होतं. सहावा सामना त्यांच्याच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. हरलो तर चषक गेला, अशी टँपाची स्थिती होती, आणि दुसऱ्या जादा वेळेत गोल केला तो यानेच. सातवा सामना जिंकून टँपाने चषक नेला. त्या हंगामात ९४ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेली मदत मिळून), लीगमध्ये सर्वाधिक, आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडकही त्यालाच.

मला एवढा राग का आला, ते सांगते.

आम्ही इथे कॅनडात, माँट्रियलजवळ राहतो. सप्टेंबर २०११. आमचा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा. पाच वर्षं पहाटे साडेपाचला उणे वीसमध्ये गाडी गरम करून त्याला रिंकवर नेत होते. सामानाची बॅग त्याच्यापेक्षा मोठी. स्केटच्या लेस मीच ओढायची, इतक्या घट्ट की माझ्या बोटांवर वळ उठायचे, आणि तो म्हणायचा, “आई, अजून घट्ट.” स्टिकला काळी चिकटपट्टी मात्र स्वतः गुंडाळायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. वरच्या टोकावर मार्करने २६ लिहिलेलं, सें लुईचा नंबर.

वरच्या गटाच्या संघाची निवड तीन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी सरावाच्या सामन्यात त्याने दोन गोल केले, ते मी काचेला नाक लावून पाहिले. संध्याकाळी कँटीनशेजारच्या भिंतीवर यादी लागली. त्याच्या बनियनवरचा आकडा त्यात नव्हता. त्याने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

प्रशिक्षक बाहेर आले. वाईट माणूस नव्हता. माझ्या मुलाच्या हेल्मेटवर हात ठेवून फ्रेंचमध्ये म्हणाले, वेग चांगला आहे, हात चांगला आहे, जरा उंची वाढू दे, पुढच्या वर्षी बघू. माझ्या मनात उत्तर तयार होतं. नुकत्याच संपलेल्या हंगामात ९९ गुण घेऊन अख्ख्या लीगमध्ये दुसरा आलेला खेळाडू पाच फूट आठ इंचाचा आहे, आणि तो इथून अर्ध्या तासावर लहानाचा मोठा झाला. मराठीत मी हे ठणकावून सांगितलं असतं. माझ्या तेव्हाच्या फ्रेंचमध्ये ते वाक्य जुळेना. मी “मेर्सी”, म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हटलं आणि बॅग उचलली. ते “मेर्सी” मला अजून खुपतं.

त्यानंतर दर रविवारी तो स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभा राहायचा आणि मला पेन्सिलने खूण करायला लावायचा. आठवड्यात उंची वाढते थोडीच? खुणा एकावर एक बसत गेल्या, चौकटीवर काळा डाग झाला. दोन वर्षांनी त्याने खेळ सोडला. घराला दोनदा रंग काढला, पण ती चौकट मी रंगवू दिलेली नाही.

२०१४ च्या मे महिन्याबद्दलही लेखात काही नाही. तेव्हा सें लुई न्यूयॉर्कच्या रेंजर्सकडून खेळत होता. ८ मे रोजी त्याची आई अचानक हृदयविकाराने गेली. दुसऱ्या दिवशी तो पिट्सबर्गमध्ये मैदानात उतरला. संघ सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ ने मागे होता. ११ मे हा मातृदिन, आणि त्या रात्रीच्या सामन्यातला पहिला गोल त्याने केला. रेंजर्सनी ती मालिका जिंकली आणि पुढे अंतिम फेरीपर्यंत गेले. त्या रात्री आमचा मुलगा, ज्याने वर्षभर घरात हॉकी लावू दिली नव्हती, माझ्या सोफ्याच्या हातावर येऊन बसला. गोल झाल्यावर काही बोलला नाही. माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. हा प्रसंग लेखात यायला हवा होता.

आता प्रशिक्षकपदाचं. १,१३४ सामने आणि १,०३३ गुणांनंतर २०१५ मध्ये निवृत्त झालेला माणूस कनेटिकटमध्ये आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांना शिकवत होता, हे खरं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये माँट्रियलने त्याला बोलावलं तेव्हा इथल्या लोकांनीही नाकं मुरडली होती. पण माँट्रियलचा खेळाडू कोल कॉफिल्ड याचं काय झालं ते बघा. तोही सें लुईसारखाच चणीने लहान. त्या हंगामात आधीच्या ३० सामन्यांत त्याचा गोल एकच होता. सें लुई आल्यावर ३७ सामन्यांत २२. मधल्या काळात कॉफिल्डची उंची एक इंचही वाढलेली नव्हती! संघ त्या वर्षी तळालाच राहिला, तरीही त्याने एवढे गोल केले. २०२४-२५ मध्ये तोच संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे चषकासाठीच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला.

बारा वर्षांच्या मुलाला एकदा सांगून कळत नाही. मग तेच तीन तऱ्हांनी सांगावं लागतं, त्याला काय दिसतंय ते आधी विचारावं लागतं, आणि चुकला तरी पुढच्या वेळी पुन्हा बर्फावर पाठवावं लागतं. सें लुई मोठ्या खेळाडूंशीही असाच वागताना दिसतो. ठरलेल्या चाली घोटून घेण्यापेक्षा जागा कुठे मोकळी होतेय ते ओळखायला शिकवतो. मुलांना शिकवणं हा अनुभव नव्हे, असं आपल्या लेखकाने कशावरून ठरवलं? आमच्या त्या प्रशिक्षकांजवळ हा अनुभव असता, तर त्यांनी मुलाची उंची पाहण्याआधी त्याचे दोन गोल पाहिले असते.

जाता जाता आणखी एक. लेखात सगळीकडे ‘सेंट लुईस’ छापलंय. ते मिसुरीतलं शहर आहे आणि तिथे वेगळाच संघ आहे. या माणसाच्या आडनावाच्या शेवटी ‘स’ उच्चारत नाहीत. शिवाय लेखासोबतच्या चित्रात गवतावरच्या हॉकीची वाकड्या टोकाची स्टिक आणि पांढरा चेंडू आहे. आइस हॉकीत चेंडू नसतो, काळी रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. छापील अंकाला आता इलाज नाही, पण संकेतस्थळावरचं चित्र, नाव आणि मथळ्यातला तो शब्द आजच्या आज बदलता येईल. मी तिथेच वाचते, उद्या सकाळी पाहीन.

कळावे, लोभ असावा.

आपली एक जुनी वाचक,
ब्रोसार्ड, क्यूबेक