पोटगी मुलीची आहे, माझी नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

काल रविवारच्या पुरवणीतला पोटगीवरचा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून आज बेदाणा निवडायच्या कामावरनं आल्या आल्या लिहायला बसलेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. लेखकांनी पोटगीपायी कर्जबाजारी झालेल्या तीन बापांच्या कहाण्या दिल्यात. तिघंही खरे असतील, मी नाही म्हणत नाही. पण लेखाशेजारी ते चित्र कुणी छापलं? बाई नोटा मोजतेय आणि मागं नवरा मान खाली घालून बसलाय. आणि अख्ख्या लेखात बायकोची पोटगी, बायकोची पोटगी. मी स्वतःसाठी एक रुपया मागितलेला नाही. माझ्या अर्जात पोटगी फक्त मुलीसाठी मागितलीय, ती आता सातवीत आहे.

लेखात विचारलंय की ज्याची ऐपतच नाही त्यानं कुठनं द्यायचं. बरोबर आहे. पण ऐपत आहे का नाही हे ठरवायचं कसं, त्यावर एक ओळ नाही. म्हणून माझं सांगते.

मुलीच्या वडलांनी कोर्टात लिहून दिलंय की मी वडलांच्या शेतात मजुरी करतो, महिना 7,000 मिळतात. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, पिकअप दिरांच्या नावावर, बँकेच्या खात्यावर 1,140 रुपये. शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही त्यामुळं रिटर्न भरायचा प्रश्नच नाही. साहेब, त्या दोन एकर द्राक्षबागेत मी आठ वर्षं राबलेय. ऑक्टोबर छाटणीपासनं पेट्या भरेपर्यंत सगळं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं केलंय, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं केलंय, औषधाच्या पाण्यानं हात सोलून निघायचे. कुठल्या वर्षी किती पेट्या गेल्या आणि काय दरानं गेल्या ते मला पाठ आहे कारण वहीत लिहायचं काम माझंच होतं. ती वही तिकडंच राहिली.

फेब्रुवारीतल्या तारखेची गोष्ट. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाकडं रिकामं, त्यावर या टोकाला मी, त्या टोकाला ते, मध्ये त्यांच्या वकिलांची बॅग. पुकारा व्हायचा होता. माझ्या हातात मुलीच्या फीची पावती आणि चष्म्याचं 1,850 रुपयांचं बिल, तिचा नंबर वाढलाय. त्यांचा फोन वाजला, व्यापाऱ्याचा होता. उठून बाजूला पण गेले नाहीत, तिथंच बसून सांगतायत, चार किलोच्या पेटीला माझ्या दरानं घेणार असशील तर उद्या सकाळी गाडी लाव, नाहीतर दुसरा येऊन बाग बघून गेलाय. मजूर कधी मालाचा दर ठरवतो का? मी लगेच माझ्या वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, ताई, नुसतं ऐकलेलं चालत नाही, कागद आणा. कागद कुठनं आणू, सगळा व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर.

उलट तपासणीत त्यांच्या वकिलांनी मलाच विचारलं, तुम्हाला बेदाण्यावर रोजची हजेरी किती पडते? मी 350 म्हणाले, रोज काम नसतं तेही सांगितलं. म्हणजे तुमची ऐपत आहे, असं त्यांचं म्हणणं. आहे ना, म्हणून तर फी, रिक्षा, चष्मा, आजारपण सगळं आत्तापर्यंत मी केलंय. माझी हजेरी एका प्रश्नात लिहून घेतली आणि त्यांची बाग मात्र अजून कुणाला दिसत नाही.

बरं, कायदा नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टानं 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल दिलाय, तो खटला आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातनंच वर गेलेला. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायचं, समोरच्यानं चार आठवड्यांत. शेतकऱ्यांसाठी तर वेगळा नमुनाच आहे, जमीन किती, पीक कुठलं, जनावरं किती, सगळं विचारलंय. आणि अंतरिम अर्ज, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा, नोटीस लागल्यापासनं शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 कलमात होतं, 1 जुलै 2024 पासनं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं 144 झालं, त्यातही तेच आहे. माझ्या अर्जाला 14 महिने लागले. त्यातल्या सहा तारखा नुसत्या समोरच्या वकिलांनी 'से' म्हणजे लेखी म्हणणं द्यायला मुदत मागितली म्हणून गेल्या. शेवटी मुलीला महिना 2,500 मंजूर झाले, पाच महिने आले आणि मग बंद. आता वसुलीचा वेगळा अर्ज, त्याची वेगळी तारीख, आणि तो पण वर्षाच्या आत करायचा नाहीतर वॉरंट निघत नाही.

बाग बुडते हे मला कुणी शिकवायला नको. डावणी रोग आला, अवकाळीनं मणी तडकले की दोन दिवसांत वर्षाचं पीक जातं, सोसायटीचं कर्ज तसंच राहतं, मी बांधावर बसून रडलेय. अशा वर्षी त्यांनी येऊन सांगितलं असतं की यंदा अर्धेच देतो, तर मी वकिलाची पायरी चढले नसते. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करून मागायची सोय कायद्यातच आहे. लेखातल्या तिघांनी तसा अर्ज केला होता का, एवढं तरी लेखकांनी विचारायला पाहिजे होतं. तसा अर्ज केला की खरं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणूनच माझ्या केसमध्ये तो आला नाही असं मला वाटतं.

अजून एक. आमच्या कोर्टातल्या बायकांच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडं असते ते शिपायालाही माहीत नसतं. एकदा मुलगी बरोबर होती, दुपारी दोनपर्यंत तिनं पाणी प्यायलं नाही. यावर पण कधीतरी लिहा.

माझ्याबरोबर बेदाण्यावर कामाला येणाऱ्या आणि अशाच कोर्टाच्या तारखा करणाऱ्या अजून चौघीजणी आहेत, एकीलाही तो शेतकऱ्यांचा नमुना माहीत नव्हता. माझं पत्र नाही छापलं तरी चालेल. तो नमुना सोप्या मराठीत, सगळ्या प्रश्नांसकट तुमच्या पेपरात छापा, आम्ही कापून वकिलांकडं घेऊन जाऊ. माझी पुढची तारीख 19 ला आहे, त्याच्या आधी जमलं तर बघा.

आपली,
एका मुलीची आई, सांगली जिल्हा