चिनूची ती ट्यूब

रत्नागिरी

ती. बाबा आणि आईस सा. नमस्कार,

फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि चिनू पलीकडच्या खोलीत असते. म्हणून पत्र.

गणपतीत तिच्या टेबलावर एक ट्यूब दिसली. मागची बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉइड. त्वचेचे डॉक्टर हे मिश्रण ठरावीक डागांवर, थोडे दिवस देतात. पोरी गोरं व्हायला महिनोन्‌महिने चोळतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, तिथेच विश्वास बसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुळ्या येतात, लव वाढते. एकदम थांबवलं तर तोंड लालबुंद होतं, की परत तीच ट्यूब. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असं ठरवलं. तरी मिळतात. तेव्हा बाबा, रागाने ट्यूब फेकू नका. आधी डॉक्टरला दाखवू, ते सांगतील तशी कमी करू.

आता आपल्या घराबद्दल. चिनू बंदरावरून आली की आई म्हणते, "काय गो चेडवा, किती काळा पडलंस!" मायेनेच म्हणते, मला ठाऊक आहे. मग आलेली बाई तिच्या चुलतबहिणीच्या रंगाची गोष्ट काढते. चिनू हसते आणि आत जाते. कबड्डी तिने गुडघ्यामुळे सोडलेली नाही. सराव उन्हात असतो.

माझ्या वर्गात हेच दिसतं. पावसात एसटीने भिजत आलेल्या मुली आधी आरशाकडे धावतात, पहिलं लेक्चर तिथेच जातं. मुलगे प्रोटीन पावडरचे डबे घेऊन जिमला, आणि फोटोत मात्र मागच्या रांगेत. रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाची आत्मसन्मानाची दहा वाक्यांची प्रश्नावली आहे, १९६५ ची. ती भरताना वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीही स्वतःला गुण देताना हात आखडतात. फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की जिथे मोजायला माप नसतं तिथे माणूस दुसऱ्याकडे बघून स्वतःला मोजतो, बहुधा आपल्यासारख्याच कुणाकडे. आमच्या वेळी ती शेजारच्या बाकावरची असायची, तिलाही पुळ्या यायच्या. आता ती मोबाइलमध्ये असते, फिल्टर लावून. कधी तर ती आपणच असतो, आणि मग आरसा खोटा वाटायला लागतो.

नटू नको असं मात्र तिला सांगू नका. आई, केसांत वळेसर माळलंस की तुझीही चाल बदलतेच की! नटण्यातली मजा वेगळी आणि तोंड लपवायची धडपड वेगळी. चिनूचं दुसरं चाललंय.

म्हणून एवढंच करा: रंग, वजन, पुळ्या, यावर घरात कुणीही बोलायचं नाही. कौतुकानेसुद्धा नाही, कारण "आज उजळ दिसतेस" म्हटलं की ट्यूबच जिंकते. पाहुण्यांना बाबांनी गप्प करायचं, ते तुम्हाला छान जमतं. कबड्डीचं विचारा, संघात तिची जागा अजून रिकामी आहे असं तिची मैत्रीण म्हणत होती.

सावंतवाडीच्या डॉक्टरची वेळ मी घेते आणि चिनूशी मीच बोलते. सुकट पोचली.

तुमची,
शुभा