जुना कंपायलर शेजारी बसवा, नवा काढू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ज्या विद्यार्थ्यांनी लॅपटॉपवर आर्च लिनक्स टाकले आहे, त्यांना प्रोजेक्टचा जुना कोड नव्या जीसीसीवर (सी आणि सी++चा कंपायलर) अडला की हमखास एक सल्ला मिळतो: 'पॅकमनच्या (आर्चचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) कॅशमधून जुना जीसीसी काढ आणि नव्यावर बसव.' हा सल्ला घातक आहे. जीसीसी मागे नेला की त्याची सी++ लायब्ररीही मागे न्यावी लागते. केडीईसारखा डेस्कटॉप नव्या लायब्ररीवर बांधलेला (कंपाइल केलेला) असतो. त्याला हवी ती चिन्हे (सिम्बॉल, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांची नावे) जुनीत सापडत नाहीत आणि तो सुरूच होत नाही. जुन्या कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालतो, उलटे चालत नाही. अर्धवट अपडेट केलेली यंत्रणा आर्चला मुळात मान्यच नाही.

त्याआधी जुना कंपायलर खरोखर हवा का, ते पाहावे. २०२४च्या जीसीसी १४ने सी भाषेत न घोषित केलेले फंक्शन ही थेट चूक ठरवली. कंपायलरला 'एफ-परमिसिव्ह' हा पर्याय दिला की तिची पुन्हा नुसती सूचना (वॉर्निंग) होते. २०२५च्या जीसीसी १५ने सी२३ हे मूळ मानक केले; जुन्या कोडला 'एसटीडी=जीएनयू१७' द्यावे. 'मल्टिपल डेफिनिशन' ही तक्रार जीसीसी १०पासूनची, तिला 'एफ-कॉमन' पुरते. बहुतेकांचे काम इथेच होते.

कुडाचे, म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या संचाचे, तसे नाही. कुडा ११.८ला जीसीसी ११च्या पुढचा चालत नाही. तेव्हा एयूआरमधून (आर्च वापरकर्त्यांनी चालवलेला पॅकेजसंग्रह) जीसीसी ११ वेगळ्या नावाने शेजारी बसवावा आणि एनव्हीसीसीला (कुडाचा कंपायलर) 'सीसीबिन' पर्यायाने त्याचा पत्ता द्यावा. इतर प्रोजेक्टांत कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारी सीसी आणि सीएक्सएक्स ही चले बदलावीत. सीमेक (बांधणीची आखणी करणारे साधन) असेल तर जुना बिल्ड फोल्डर आधी पुसावा, कारण पहिला कंपायलर तो कॅशमध्ये धरून ठेवतो.

एयूआरमधला जीसीसी आपल्याच यंत्रावर बांधला जातो आणि त्याला वेळ लागतो. आठ जीबी रॅमवर एका वेळी चारच जॉब द्यावेत. टेम्प फोल्डरमध्ये बांधू नये. आर्चवर तो रॅममध्येच असतो आणि मध्येच भरतो. स्वतः सोर्सवरून बांधणाऱ्यांनी सोर्सबाहेर वेगळा फोल्डर करावा, प्रीफिक्स (बसवण्याची जागा) ऑप्ट फोल्डरमध्ये द्यावा आणि बूटस्ट्रॅप (कंपायलरने स्वतःलाच पुन्हा बांधणे) बंद ठेवावे, म्हणजे तीनदा होणारी बांधणी एकदाच होते. फार जुनी आवृत्ती नव्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बहुधा लिबसॅनिटायझरपाशी (मेमरीच्या चुका शोधणारा जीसीसीचा भाग) अडते. तोही कॉन्फिगरमध्येच बंद करावा.

एक अडचण मात्र उरते. आर्चच्या रिपॉझिटरीतली ओपनसीव्ही किंवा बूस्टसारखी सी++ लायब्ररी नव्या जीसीसीने बांधलेली असते. जुन्या जीसीसीने तिला जोडताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स'ची रांग लागते. तिथे पर्याय शोधत बसू नये. पॉडमनमध्ये (मूळ यंत्रणेपासून वेगळ्या कंटेनरमध्ये प्रोग्रॅम चालवणारे साधन) त्या आवृत्तीच्या जीसीसीची प्रतिमा (इमेज) घ्यावी, लागणाऱ्या लायब्ररी आतच बसवाव्यात आणि प्रोजेक्टचा फोल्डर तेवढा बाहेरून जोडावा.

आपले,
काही लिनक्स वापरकर्ते, इंदूर