वीस नको, अठ्ठावीस घे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. चार पानं लेन्सवर आणि शेवटी ‘बाकी सगळं ठीक’ एवढी एकच ओळ. म्हणजे प्रकरण गंभीर आहे. अंधाऱ्या हॉलमधल्या कार्यक्रमांसाठी परवडणारी वाइड लेन्स हवी, तर २० एमएम घेऊ का (हा आकडा लहान तितकं फ्रेममध्ये जास्त मावतं), असं तू विचारलंयस खरं, पण मनातल्या मनात तू ती घेऊन मोकळा झालायस आणि माझा फक्त शिक्का हवाय, हे सुरावरून कळतंच. तो शिक्का मिळणार नाही. भांडायचं असेल तर पुढे वाच.

माझ्याकडे २० होती हे तुला माहीत आहे. ती मी का विकली, हे कधी सांगितलं नाही, कारण लाज वाटायची. एका सत्कार समारंभात मंचावर अकरा जण एका रांगेत उभे होते. मागे सरकायला जागा नव्हती. मी खुशीत २० काढली, सगळे एका फ्रेममध्ये आले, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसला. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडला तर मधले पाच-सहा जण माणसांसारखे आणि अगदी डाव्या टोकाचे आजोबा दुधी भोपळ्यासारखे. डोकं बाहेरच्या बाजूला ओढलेलं, एक खांदा दुसऱ्याच्या दीडपट. आणि नेमका त्यांचाच निरोप आला, ‘फोटो फ्रेम करायचाय, मोठा करून द्या.’ त्यांना मी दुसऱ्याच फोटोतून कापून एकट्याचा दिला. गृहस्थ भले, काही बोलले नाहीत.

यात लेन्सचा दोष काडीचाही नव्हता. टॉर्च भिंतीवर सरळ मारला की उजेड गोल पडतो, तिरका मारला की लांबट. फ्रेमच्या कडेला प्रकाश कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर तसाच तिरका येतो, म्हणून गोल डोकं लांबट होतं. किती, याचा हिशोब सोपा आहे. फुलफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, आडव्या फोटोच्या डाव्या-उजव्या टोकाला २० एमएमने गोल वस्तू सुमारे एक तृतीयांशाने लांबते, २४ ने एक चतुर्थांशाने, २८ ने साधारण एक पंचमांशाने आणि ३५ ने फक्त आठव्या हिश्शाने. कॅमेऱ्यातलं डिस्टॉर्शन करेक्शन इथे कामाचं नाही. ते वाकलेला खांब सरळ करतं, ताणलेलं डोकं नाही. महागातली महाग २० घेतलीस तरी आजोबांचा भोपळा होणारच. इमारतींचे फोटो काढणाऱ्याला याचं सोयरसुतक नसतं. पण आपल्या फ्रेमच्या कडेला कायम कोणीतरी माणूस असतो आणि तो नंतर फोटोत आधी स्वतःलाच शोधतो.

‘पण जागाच नसते रे,’ हे तुझं पालुपद. बरं, जागा मोजू. फुलफ्रेमचा सेन्सर ३६ एमएम रुंद. समोरच्या माणसापर्यंतचं अंतर गुणिले ३६, भागिले लेन्सचे एमएम, की फ्रेममध्ये किती रुंदी येते ते निघतं. तीन मीटरवरून २४ ला साडेचार मीटर, २८ ला पावणेचारच्या थोडी वर, ३५ ला जेमतेम तीन. उलट बाजूने बघ. तीच साडेचार मीटर रुंदी २८ ने हवी असेल तर साडेतीन मीटरवर उभं राहायचं. म्हणजे २४ आणि २८ मधलं भांडण अर्ध्या मीटरचं आहे, एका पावलाचं. त्या एका पावलासाठी तू महिनाभर झोपला नाहीयेस!

२० ला तीन मीटरवरून ५.४ मीटर येते, तेवढ्यासाठी २८ घेऊन सव्वाचार मीटरवर जावं लागेल, हे मान्य. अख्खं सभागृह एका फोटोत हवं असेल किंवा खोली खरंच काडेपेटीएवढी असेल तेव्हा २० लागते. असे फोटो कार्यक्रमाला दोन-चार. बाकीचे शेकडो फोटो माणसांचे.

मग ३५ का नको? नको असं नाही. तू ३५ म्हणाला असतास तर मी वादच घातला नसता. पण एकच प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्यायची आहे, तर २८ मधून ३५ एवढा भाग कापून घेता येतो, ३५ मधून २८ काढता येत नाही. तुझ्या २४ मेगापिक्सेलमधले कापल्यावर १५ उरतात, प्रिंटला भरपूर. तेच २० मधून कापायला गेलास तर आठही उरत नाहीत.

आता अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक. एफचा आकडा लहान तितकं ते मोठं. तुझी कॅमेऱ्याबरोबर आलेली २८-७० किट लेन्स २८ ला एफ ३.५ उघडते. एफ २ ची प्राइम तिच्या तिप्पट उजेड आत घेते. मंचावर तुला ६४०० आयएसओला (सेन्सरच्या तेवढ्या संवेदनशीलतेला) १/६० सेकंद शटर मिळत असेल, तर त्याच उजेडात तिथेच १/१८० च्या आसपास मिळेल. हा फरक तू म्हणतोस तसा ‘थोडा’ नाही. वाइड लेन्स हातात १/३० लासुद्धा स्थिर राहते, कॅमेऱ्यातलं हाताची थरथर आवरणारं स्टॅबिलायझेशन आणखी मदत करतं, पण नाचणाऱ्याचा हात त्याने थांबत नाही. बोलणाऱ्याला १/१२५ तरी हवं, नाचणाऱ्याला १/२५०. तुझ्या मागच्या कार्यक्रमाच्या फोटोंत खुर्च्या, पडदा, माइक सगळं लख्ख आणि टाळ्या वाजवणारे हात धुरासारखे, त्याचं कारण हेच. फोकस चुकलाय असं तू म्हणत होतास. फोकस बरोबर होता, शटर रेंगाळलं.

आणि एफ २ ला एकाच्याच नाकावर फोकस राहील ही भीती काढून टाक. २८ एमएम, एफ २, फोकस तीन मीटरवर, तर साधारण २.४ ते ३.९ मीटरमधलं सगळं चालण्याइतकं शार्प येतं. दोन रांगा आरामात. ५० एमएमला त्याच अंतरावर, त्याच अ‍ॅपर्चरला, २.८ ते ३.२ एवढंच. वाइड प्राइम पूर्ण उघडी ठेवून बिनधास्त वापरता येते, खरी मजा तिथेच आहे.

तू यादी पाठवलीस त्यात टॅमरॉनच्या एफ २.८ वाल्या २०, २४ आणि ३५ आहेत. २०१९ ला तिन्ही बरोबरच जाहीर झाल्या, लांबी सारखी, फिल्टर तिन्हींना ६७ एमएमचाच. अगदी जवळच्या वस्तूवर फोकस करतात, अंगठी किंवा मानचिन्हाच्या फोटोला छान. पण तुला अंधाऱ्या हॉलसाठी लेन्स हवी आहे आणि एफ २.८ म्हणजे एफ २ च्या निम्मा उजेड. शिवाय त्यांची मोटर घरघरते, तू व्हिडिओही घेतोस. सोनीची २४ एफ १.४ जीएम तू यादीत का घातलीस कळलं नाही. परवडणारी म्हणालास ना? त्या पानावर मी काट मारली.

माझं बोट सोनीच्याच २८ एफ २ वर. २०१५ ची आहे, वजन २०० ग्रॅम. दिवसभर गळ्यात कॅमेरा असला की मानेला हा आकडा सर्वांत आधी कळतो. उणिवाही सांगतो, नंतर मला शिव्या नकोत. करेक्शन बंद केलंस तर सरळ रेषा पिंपासारख्या फुगतात, म्हणून ते चालूच ठेव. उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरे मऊ आणि थोडे काळवंडलेले येतात. पण अंधाऱ्या हॉलच्या फोटोत कोपऱ्यात असतं काय? छत आणि कोणाची तरी बॅग. परवडणाऱ्या लेन्समध्ये कोपरे सोडून द्यायचे, अंधारातला ऑटोफोकस सोडायचा नाही. म्हणूनच तो स्वस्त मॅन्युअल फोकसवाला १४ एमएमचा मोहही आवर. तिने ताऱ्यांचे फोटो काढतात; तारे जागचे हलत नाहीत, बक्षीस घेऊन मंचावरून पळणारी पोरं हलतात.

आणि २० शिवाय जीव अगदीच राहत नसेल, तर या २८ च्या पुढे लावायला सोनीनेच एक कन्व्हर्टर काढला होता, लावला की २१ होते. हे तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पुढच्या कार्यक्रमाला किट लेन्सची झूम रिंग २८ वर आण आणि कागदी चिकटपट्टीने बांधून टाक. चकाकणारी नको, तिचा गोंद रबरात बसतो. अख्खा कार्यक्रम तसाच काढ. किती वेळा पाठ भिंतीला टेकली आणि तरी कोणी फ्रेमबाहेर राहिलं, तेवढं मोजून ठेव. घरी आल्यावर किती फोटो कापावे लागले तेही बघ. पाठ वीस-पंचवीसदा टेकली तर २४ घे, मी माघार घेतो. सॅमयांगची ऑटोफोकसवाली एफ १.८ बरी आहे. पाचच्या आत आलं तर मुकाट्याने माझं ऐक.

जुनी मिळाली तर जुनीच घे. मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघ. मग लांबचा एकच बोर्ड पाळीपाळीने फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत ठेवून, दर वेळी त्याच्यावरच फोकस करून, एफ २ ला चार फोटो काढ. चारही सारखे मऊ असतील तर हरकत नाही. तीन बरे आणि एक पार गेलेला असेल तर लेन्स आपटलेली आहे, गोड बोलून परत कर.

चिकटपट्टीवाले फोटो पाठव, न निवडता सगळे. आणि पुढच्या पत्रात ‘बाकी सगळं ठीक’ची जरा फोड कर.

तुझाच,
भोपळेवाला